विश्लेषण : झुंझार, काळापहाड आणि हजार रहस्यकथा... बाबूराव अर्नाळकरांना वाचक अजून का विसरले नाहीत?

विंचूर (जि. नाशिक) : मराठीत सर्वाधिक पुस्तके कोणाच्या नावावर, असा प्रश्न निघाला की पहिल्या दोन-तीन नावांत बाबूराव अर्नाळकर हे नाव येतेच. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे निधन १९९६ मध्ये झाले. त्यांना जाऊन तीन दशके होत आली. पाठ्यपुस्तकात त्यांचा धडा नाही आणि साहित्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. तरीही विंचूर, लासलगाव, येवला या पट्ट्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकासमोर ‘झुंझार’ हा एक शब्द उच्चारला, तरी चेहरा खुलतो.

हे प्रेम कुठून आले? ते इतकी वर्षे का टिकले? आणि जी पुस्तके वाचून दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लागली, ती पुस्तके आज कुठे आहेत? समजून घेऊ.

बाबूराव अर्नाळकर कोण होते?

त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा. ‘अर्नाळकर’ या टोपणनावात अर्नाळा आहे. विरारजवळचे हे गाव समुद्रकिनाऱ्यासाठी आणि पाण्यातल्या किल्ल्यासाठी ओळखले जाते. पुस्तकांवर हेच नाव छापले गेले आणि पुढे चव्हाण मागे पडून अर्नाळकर उरले.

त्यांचे कार्यक्षेत्र मुंबई. स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी भाग घेतला होता. पोटापाण्यासाठी चष्म्याचे दुकान होते. म्हणजे दिवसा लोकांच्या डोळ्यांना नंबर लावून देणारा माणूस रात्री त्याच डोळ्यांना झोप येऊ देत नव्हता. त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांत ‘चौकटची राणी’चे नाव आवर्जून घेतले जाते. त्यानंतर पुस्तकांची रांग लागली ती अनेक दशके थांबली नाही. वयाच्या नव्वदीत त्यांचे निधन झाले.

बाबूरावांच्या आयुष्याकडे पाहताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ते कुठल्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते, संपादक नव्हते की साहित्य संस्थेचे पदाधिकारीही नव्हते. त्यांचा आधार एकच होता. पुढचे पुस्तक विकत किंवा भाड्याने घेणारा वाचक.

त्यांच्या आधी मराठीत रहस्यकथा नव्हत्या का?

होत्या, पण वेगळ्या रूपात. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुतावर मोठा भर होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. राजवाडे, भुयारे, वेशांतर, हरवलेले वारस असा तो जमाना होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी या अद्भुताला गुंतागुंतीच्या कथानकाची जोड दिली. ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘चतुर माधवराव’ ही त्यांची पुस्तके घरोघरी वाचली गेली. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने तर वाचकांना वेड लावले. या लेखकांवर रेनॉल्ड्ससारख्या इंग्रजी कादंबरीकारांचा मोठा प्रभाव होता. मात्र ही पुस्तके जाडजूड होती. ती वाचायला निवांत वेळ लागायचा आणि विकत घ्यायला पैसेही.

अर्नाळकरांनी इथेच बदल केला. त्यांनी रहस्य वाड्यातून काढून मुंबईच्या रस्त्यावर आणले. मोटारी, टेलिफोन, हॉटेले, बंदर, बँका, श्रीमंतांचे बंगले आणि पोलिसांची गाडी या सगळ्यांना कथेत जागा मिळाली. आकार छोटा, भाषा सोपी, प्रकरणे लहान. एका बैठकीत संपेल असे पुस्तक आणि कमी किंमत. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी वाचकाच्या हातात ‘बिंज’ करण्यासारखी गोष्ट दिली, तीही मोबाइल येण्याच्या अर्धशतक आधी.

हजार पुस्तके म्हणजे नेमके किती लेखन?

नेमका आकडा यादीनुसार बदलतो. पुनर्मुद्रणे, बदललेली शीर्षके आणि न सापडणाऱ्या प्रती यामुळे मोजणी सोपी नाही. पण हजाराहून अधिक, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

हा आकडा समजण्यासाठी साधा हिशेब करून पाहू. समजा, लेखनाचा काळ ४० वर्षांचा आणि पुस्तके फक्त १,०००. म्हणजे वर्षाला २५, साधारण दर पंधरा दिवसांनी एक. एका पुस्तकात १०० पाने आणि पानावर २५० शब्द धरले, तर एका पुस्तकाचे २५ हजार शब्द होतात. हा वेग सांभाळायचा तर रोज सुमारे १,७०० शब्द लिहावे लागतील. रविवार नाही, सण नाही, आजारपण नाही. एकूण लेखन होते अडीच कोटी शब्दांचे. तुम्ही आत्ता वाचत आहात तसे दहा हजार लेख!

हा केवळ अंदाज आहे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. इतके लेखन स्फूर्तीची वाट पाहून होत नाही. त्यासाठी ठरलेली पद्धत लागते. ओळखीचे नायक, ठरावीक साचा आणि त्या साच्यात दर वेळी नवा पेच. सुताराकडे माप तयार असले की दार लवकर होते, तसेच हे. जगभरचे लोकप्रिय रहस्यकथाकार याच पद्धतीने लिहीत आले. इंग्लंडचे एडगर वॉलेस आणि बेल्जियमचे जॉर्ज सिमेनॉन यांचा वेग असाच दंतकथेसारखा सांगितला जातो.

झुंझार, काळापहाड, धनंजय... ही पात्रे नेमकी कोण?

अर्नाळकरांचे वाचक पुस्तकाचे नाव विसरतात, पण नायकाचे नाव विसरत नाहीत. किंबहुना पुस्तक मागतानाही शीर्षकाऐवजी नवा झुंझार आला का, असेच विचारले जायचे. यातले प्रमुख नायक असे :

झुंझार : वरवर प्रतिष्ठित गृहस्थ, आतून दुर्जनांना लुटणारा धाडसी वीर. पोलीस त्याच्या मागावर, तर तो गुन्हेगारांच्या मागावर. सोबतीला पत्नी विजया आणि विश्वासू नेताजी. घरची माणसेही साहसात भागीदार असणे, हे मराठी वाचकाला विशेष भावले.

काळापहाड : नावातच दरारा. हे नाव इतिहासातले आहे. सोळाव्या शतकात ओडिशावर स्वारी करणारा बंगालच्या सुलतानाचा सेनापती याच नावाने ओळखला जाई. अर्नाळकरांनी ते नाव उचलून कायद्याच्या तावडीतून सुटणाऱ्यांना धडा शिकवणारा नायक उभा केला.

धनंजय आणि छोटू : ही गुप्तहेराची जोडी. एक विचार करणारा, दुसरा धावपळ करणारा. शेरलॉक होम्स आणि वॉटसनच्या काळापासून जगभर चाललेली ही जोडगोळीची रीत मराठी घरात चपखल बसली.

दर्यासारंग : नावाप्रमाणेच समुद्राशी नाते सांगणारा. शिवकाळातील आरमाराच्या अधिकाऱ्याचे हे नाव मराठी कानाला आधीच ओळखीचे होते.

या पात्रांचे पूर्वज परदेशी आहेत, हे लपून राहत नाही. सभ्य वेशातला चोर ही कल्पना इंग्रजीत रॅफल्सने, फ्रेंचमध्ये आर्सेन लुपॅने आणि पुढे ‘द सेंट’ने रुजवली होती. अर्नाळकरांच्या अनेक कथांवर इंग्रजी रहस्यकथांची छाया दिसते. मात्र ती पात्रे मराठीत येताना नुसती नावे बदलून आली नाहीत. त्यांचे घर, बोलणे, नीतीच्या कल्पना इथल्या झाल्या. झुंझार लुटतो, पण गरिबाला नाही. स्त्रीचा मान राखतो. दिलेला शब्द पाळतो. वाचणाऱ्याला तो लंडनचा वाटत नाही, गिरगावातला वाटतो.

‘गुप्तहेर’ म्हणजे जासूस की डिटेक्टिव्ह?

इथे मराठी भाषेची एक गंमत आहे. इंग्रजीत परदेशात जाऊन माहिती काढणारा वेगळा आणि खुनाचा तपास करणारा वेगळा, त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोघेही गुप्तहेर. शिवरायांचे बहिर्जी नाईक गुप्तहेर आणि शहरात पाटी लावून बसलेला खासगी तपासनीसही गुप्तहेर.

त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात हेरकथा आणि रहस्यकथा या दोन खोल्यांमध्ये कधी भिंतच नव्हती. वेशांतर, सांकेतिक चिठ्ठी, पाठलाग, शत्रूच्या गोटात शिरणे हे सगळे दोन्हीकडे चालायचे. अर्नाळकरांच्या नायकांनी ही हेरगिरीची हत्यारे देशाच्या सीमेपेक्षा शहरातल्या गल्ल्यांत अधिक वापरली.

देशासाठी लढणारा हेर मराठी रहस्यकथेत ठळक झाला तो पुढे, साठ आणि सत्तरच्या दशकांत. त्याला कारणे होती. १९६२, १९६५ आणि १९७१ अशी तीन युद्धे दहा वर्षांत झाली. १९६८ मध्ये ‘रॉ’ची स्थापना झाली. इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँडचा पहिला चित्रपट ‘डॉ. नो’ १९६२ चा. पाठोपाठ हिंदीत जितेंद्रचा ‘फर्ज’ (१९६७) आणि धर्मेंद्रचा ‘आँखें’ (१९६८) आले. सीमेवरचा शत्रू आता वाचकाच्या रोजच्या बातमीत होता.

नंतरच्या लेखकांनी काय केले?

अर्नाळकरांनी वाट मळवून ठेवली होती. त्या वाटेवरून पुढची पिढी आली.

गुरुनाथ नाईक यांच्याही नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा सांगितल्या जातात. त्यांचा कॅप्टन दीप हा लष्करी पार्श्वभूमीचा नायक युद्धानंतरच्या वाचकाला जवळचा वाटला. नाईक यांचे निधन २०२१ मध्ये झाले.

पुण्याचे सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास असे एकाहून एक नायक दिले. त्यांची भाषा कॉलेजच्या कट्ट्यावरची होती. रहस्यकथेपलीकडे जाऊन त्यांनी लिहिलेल्या ‘दुनियादारी’वर २०१३ मध्ये चित्रपट आला आणि लेखक गेल्यानंतर दहा वर्षांनी एक नवी पिढी त्यांची पुस्तके शोधू लागली.

मुलांसाठी भा. रा. भागवत यांनी फास्टर फेणे उभा केला. तोही २०१७ मध्ये पडद्यावर आला. नारायण धारप यांनी भयकथेचा प्रांत सांभाळला.

अर्नाळकरांच्या वाट्याला मात्र असा एखादा मोठा चित्रपट आला नाही. म्हणून आज विशीतल्या वाचकाला शिरवळकर माहीत असतात, अर्नाळकर नसतात. पडद्याचा आधार नसताना एखाद्या लेखकाचे नाव टिकते ते केवळ वाचकांच्या सांगण्यातून. अर्नाळकरांचे नाव असेच टिकले आहे.

ही पुस्तके गावोगाव कशी पोहोचली?

विंचूरसारख्या गावात तेव्हा पुस्तकाचे स्वतंत्र दुकान असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी पुस्तके येत होती. त्यांच्या वाटा समजल्या की या लोकप्रियतेचे निम्मे कोडे सुटते.

पहिली वाट रेल्वेची. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य लोहमार्ग नाशिक रोड, निफाड, लासलगाव, मनमाड असा जातो. मोठ्या स्थानकांवरच्या स्टॉलवर खिशात मावेल असे पुस्तक मिळायचे. प्रवासात सुरू केलेले पुस्तक उतरेपर्यंत संपायचे आणि मग ते गावात फिरायला लागायचे.

दुसरी वाट एसटीची. १९४८ मध्ये पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे ती तालुक्यातालुक्यांत पोहोचली. मुंबईत गिरणीत किंवा गोदीत कामाला असलेला माणूस सुट्टीत गावी येताना पिशवीत वाचून झालेली पुस्तके टाकून आणायचा.

तिसरी वाट वाचनालयांची. शहरांत रोजच्या भाड्यावर पुस्तक देणाऱ्या खासगी लायब्ररी होत्या. त्यांचा व्यवसाय चालायचा तो प्रामुख्याने अशाच पुस्तकांवर. कारण रहस्यकथा एका रात्रीत परत येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाड्याने जाते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले आणि त्यांची संख्या वाढत गेली.

चौथी वाट सगळ्यात मोठी, पण कुठेच नोंद नसलेली. हातोहात. एकाने विकत घेतलेले पुस्तक किती जणांनी वाचले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मुखपृष्ठ फाटायचे, शेवटची पाने गळायची. खुनी कोण, हे न कळताच पुस्तक पुढच्याकडे जायचे. मग ज्याने पूर्ण वाचले आहे, त्याला गाठून शेवट ऐकायचा.

१९६१ च्या जनगणनेवेळी महाराष्ट्रात जेमतेम एक तृतीयांश लोक साक्षर होते. म्हणजे अर्नाळकरांच्या भराच्या काळात वाचता येणे हीच अनेक घरांत नवी गोष्ट होती. नव्याने अक्षरओळख झालेल्या माणसाला सोपे, वेगवान आणि संपेपर्यंत खाली ठेवू न देणारे पुस्तक मिळाले. वाचनाची सवय लागायला याहून चांगले कारण कोणते असणार?

विंचूर परिसरातील ज्येष्ठ वाचक बोलू लागले की आठवणी साधारण सारख्याच निघतात. इतिहासाच्या पुस्तकात लपवलेला काळापहाड, कंदिलाची वात बारीक करून वाचलेली प्रकरणे आणि पुस्तक सापडल्यावर खाल्लेला मार. गंमत म्हणजे ज्यांनी मार दिला, त्यांनीच जप्त केलेले पुस्तक नंतर स्वतः वाचून काढल्याचेही अनेक जण सांगतात.

मग साहित्यविश्वाने त्यांना दूर का ठेवले?

अर्नाळकर लिहीत होते, त्याच काळात मराठीत नवकथेचे वारे वाहत होते. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर कथेचे रूप बदलत होते. या चळवळीचे घर असलेली ‘सत्यकथा’ आणि मौज गिरगावच्या खटाववाडीत. दोन्ही प्रकारचे लेखन मुंबईच्या एकाच हवेत वाढत होते, पण दोघांचे वाचक आणि मोजमाप वेगळे होते.

समीक्षेचे आक्षेप सरळ होते. साचा ठरलेला, पात्रे एकसुरी, उसनी कथानके, भाषेवर मेहनत नाही. हे आक्षेप खोटे नाहीत. पंधरा दिवसांत पुस्तक लिहिताना वाक्य घासूनपुसून घ्यायला वेळ कुठून मिळणार? आज त्यांची काही पुस्तके वाचताना योगायोग खटकतात आणि स्त्री पात्रांचे चित्रण त्या काळात अडकलेले वाटते.

पण या मोजमापात एक गोष्ट राहून गेली. वाचक थेट गाडगिळांपर्यंत पोहोचत नाही. आधी तो कुठल्या तरी गोष्टीच्या मागे धावत पाने उलटायला शिकतो. ही शिडीची पहिली पायरी मराठीत अर्नाळकरांनी बांधली. वर पोहोचलेल्यांनी पायरीची नोंद ठेवली नाही, इतकेच.

इतर भाषांत अशा लेखकांचे काय झाले?

तुलना करून पाहण्यासारखी आहे. उर्दूत इब्ने सफी (१९२८-१९८०) यांनी ‘जासूसी दुनिया’ आणि ‘इम्रान’ मालिका लिहिल्या. त्यांचा जन्म अलाहाबाद जिल्ह्यातला, नंतर ते पाकिस्तानात गेले. पुस्तके दोन्ही देशांत वाचली गेली. त्यांच्या काही कादंबऱ्यांचे अलीकडे इंग्रजीत अनुवाद झाले आणि नव्या वाचकांना त्यांची ओळख झाली.

बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३० च्या दशकात आला. १९९३ मध्ये दूरदर्शनवरील मालिकेने त्याला देशभर नेले. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ पासून आजवर छापला जातो, पडद्यावर येतो. बंगाली समाजाने रहस्यकथेला दुय्यम मानले नाही. तिथे मोठ्या साहित्यिकानेही गुप्तहेरकथा लिहिली आणि ती अभिमानाने जपली गेली.

मराठीत ही जपणूक संस्थांनी नव्हे, तर वाचकांनी केली. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडणारे, पेटीत प्रती सांभाळणारे, याद्या करणारे हौशी संग्राहक नसते तर आज यातले बरेच हाती लागले नसते.

वाचक ओसरले कधी?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रसारण आले. ऐंशीच्या दशकात ‘करमचंद’ (१९८५) आणि मराठीतली पोलीस तपासावरची मालिका ‘एक शून्य शून्य’ घराघरांत पोहोचली. रात्री जेवणानंतरचा जो तास झुंझारचा होता, तो टीव्हीचा झाला.

पुढे केबल आले आणि रोजच्या भाड्याच्या लायब्ररी एकेक करून बंद पडल्या. या पुस्तकांची विक्री त्या लायब्ररींवर अवलंबून होती. लायब्ररीच नाही म्हटल्यावर नव्या आवृत्त्या काढणेही प्रकाशकांना परवडेनासे झाले. लेखकाची लोकप्रियता आटली असे म्हणण्यापेक्षा, पुस्तक वाचकापर्यंत नेणारी वाट बंद झाली, असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल.

आज ही पुस्तके मिळतात का?

काही निवडक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या मधल्या काळात निघाल्या. पण हजारांच्या तुलनेत ती संख्या फारच थोडी आहे. उरलेली पुस्तके आहेत ती जुन्या प्रतींच्या रूपात. आणि त्या प्रतींसमोर दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण कागदाची. स्वस्त पुस्तक काढायचे तर कागदही स्वस्त लागतो. असा कागद लाकडाच्या भरड लगद्यापासून बनतो. त्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहते. हवा आणि प्रकाश लागला की ते पिवळे पडते आणि आम्ल तयार होते. हे आम्ल कागदातील सेल्युलोजचे धागे तोडते. म्हणून जुने पान दुमडले की मोडते. पुस्तकाच्या पिना गंजतात आणि त्या गंजाने आजूबाजूचा कागदही कुजतो. म्हणजे पुस्तक कोणी हात न लावता कपाटात ठेवले, तरी ते संपतच असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या प्रतींसाठी वेळ फार उरलेला नाही.

दुसरी अडचण कायद्याची. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. ही मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. अर्नाळकरांचे निधन १९९६ चे, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०५६ अखेरपर्यंत आहेत. दातारशास्त्री (निधन १९४१) आणि नाथमाधव (निधन १९२८) यांची पुस्तके आता कोणीही छापू शकते किंवा इंटरनेटवर ठेवू शकते. अर्नाळकरांची नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या स्कॅन केलेल्या पीडीएफ प्रेमापोटी पाठवल्या जात असल्या, तरी हक्कधारकाच्या परवानगीशिवाय त्या बेकायदाच ठरतात.

पेच इथे आहे. कागद २०५६ पर्यंत थांबणार नाही आणि कायदा त्याआधी मोकळीक देणार नाही.

यावर मार्ग आहे का?

आहे. कायद्यातच लेखक हयात नसलेल्या किंवा हक्कधारक सापडत नसलेल्या पुस्तकांसाठी रीतसर परवाना मागण्याची तरतूद आहे. हक्कधारक सापडले, तर त्यांच्याशी करार करून ई-बुक काढणे आज छापील आवृत्तीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. ऑडिओबुकसाठी तर हे लेखन जणू तयारच आहे. छोटी प्रकरणे, भरपूर संवाद आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पेच.

त्याआधीचे काम मात्र यादीचे. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची नोंद केली. त्यानंतरच्या काळातल्या रहस्यकथांची तशी एकत्र यादी असेल, तरच कोणते पुस्तक उरले आणि कोणते हरवले, हे कळेल. १८४० मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि गावोगावची अनुदानित वाचनालये आपापल्या कपाटांतली नोंद एकत्र करू लागली, तरी मोठा पल्ला गाठता येईल.

तुमच्या घरी अशी प्रत असेल तर काय कराल?

माळ्यावर, जुन्या पेटीत किंवा आजोबांच्या कपाटात अर्नाळकरांचे एखादे पुस्तक सापडले, तर रद्दीत देण्याआधी एवढे करा :

- मुखपृष्ठ, आतले पहिले पान आणि प्रकाशकाचे नाव, वर्ष, किंमत छापलेले पान यांचे मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून ठेवा. यादी करणाऱ्यांना एवढी माहितीही पुरते.
- फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत कागद तपकिरी करतो.
- लॅमिनेशन करू नका. ते परत काढता येत नाही.
- गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा आणि पाने सुती दोऱ्याने बांधून ठेवा.
- ओल, ऊन आणि प्लॅस्टिकची बंद पिशवी या तिन्हींपासून पुस्तक दूर ठेवा. साधा पुठ्ठ्याचा खोका चालतो.
- घरात कोणी वाचणार नसेल, तर प्रत जवळच्या वाचनालयाला द्या आणि नोंदवहीत तिची नोंद झाली का, ते पाहा.

आणि हे सगळे करण्याआधी ते पुस्तक एकदा वाचून काढा. शंभर पाने आहेत, एका रात्रीत होतील. शेवटचे पान गळालेले निघाले, तर गावातल्या कोणा जुन्या वाचकाला विचारा. खुनी कोण, हे त्यांना बहुधा अजून आठवत असेल.